शून्य एरर

सर्किट बोर्डच्या डिझाइनची फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेली की काहीतरी बदलतंच. ते शोधायचं काम खराडीच्या ऑफिसात मला आमच्या सरांनी शिकवलं. मी गडचिरोलीहून आलेली, नववीत शाळा सुटलेली. दुसऱ्या कुणी दारातही उभं केलं नसतं. सर कुणालाच अरे-तुरे करत नाहीत. चूक दाखवली की चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "वा, आपली नजर फारच बारीक."

मागे एका फाइलमध्ये खालच्या बाजूचा कनेक्टर उलटा आला होता. मी दाखवला. "सॉफ्टवेअर शून्य एरर म्हणतंय. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पाठवा," सर म्हणाले. बोर्ड तसेच बनून आले आणि सगळे वाया गेले.

ग्राहकाचा फोन सरांनी माझ्यासमोरच घेतला. "अहो, नववी शिकलेल्या बाई आहेत. त्यांच्या नजरेतून सुटलं." फोन ठेवून मला म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. ते काढून टाका म्हणत होते. मी आपली नोकरी वाचवली."

आपली म्हणजे कुणाची, हे विचारायची हिंमत झाली नाही. "थँक्यू सर," मी म्हणाले. वाईट याचं वाटतं, की ते मी मनापासून म्हणाले.