उभ्या लिपीतले ठिपके

दुबईच्या देऱ्यात आमचं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, हॉटेलांची मेन्यूकार्डं, रबरी शिक्के. मल्याळम, उर्दू, टागालोग, जे येईल ते आम्ही लावतो. भाषा यायलाच हवी असं नाही. नवरा पानांची मांडणी करतो, मी गिऱ्हाइकं आणि कॉम्प्युटरची कटकट सांभाळते. पानावर कुठे अक्षराऐवजी रिकामा चौकोनी डबा दिसला, की तो कचरा समजून उडवायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी सवय.

फुजैऱ्याच्या एका हॉटेलात काम करणारी एक मंगोलियन बाई आमच्याकडे आली. तिच्या वडिलांनी जन्मभर घोडे राखले आणि म्हातारपणी ती सगळी हकिकत जुन्या मंगोलियन लिपीत हाताने लिहून काढली. ही लिपी वरून खाली लिहितात. त्यांची नजर जात चालली होती. पुरती जायच्या आत त्यांनी आपलं लिखाण छापील वाचावं, एवढंच तिचं म्हणणं. मजकूर तिने ड्युटी सांभाळून स्वतः टाइप केला होता. तिला पुस्तक हवं होतं, आणि टॅबवर अक्षर मोठं करून वाचता येईल अशी फाइलही.

नवऱ्याने मजकूर पानांत ओतला. अक्षरं सुरेख उतरली, पण जागोजागी डबे. त्याने ते उडवून टाकले. बाई म्हणाली, तिथे ठिपके असतात. स्वल्पविरामाला एक, वाक्य संपलं की दोन. मग त्याने माउसने ठिपके काढून एकेक जागी चिकटवले.

"अगं, प्रिंटमध्ये दिसतायत ना? मग खलास!" तो मला म्हणाला.

दिसत होते खरे. पुस्तक देखणं झालं आणि बाई खूश होऊन गेली.

काही आठवड्यांनी ती परत आली. पुस्तक मंगोलियात पोचेपर्यंत वडिलांना कागदावरचं दिसेनासं झालं होतं. टॅबवर अक्षर खूप मोठं केलं की जेमतेम वाचता यायचं, पण त्या फाइलमध्ये ठिपके नव्हतेच. चिकटवलेले ठिपके म्हणजे नुसती चित्रं. ती छापील पानावरच राहिली होती. म्हातारबुवा वाचत सुटले, आणि वाक्य काही संपेना.

बाई स्टुलावर बसून शांतपणे इंग्रजीत सांगत होती. वडिलांची समजूत झाली होती, की लिहितानाच आपलं डोकं ठिकाणावर नव्हतं. वहीत ठिपके आहेत असं तिने सांगितलं, तर म्हणाले, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. तेव्हापासून त्यांनी टॅबला हात लावला नव्हता.

मला नवऱ्याचा भयंकर राग आला आणि मी तो तिच्यासमोरच काढला.

"अगं, डबा होता तो! डब्याला कोण विचारतं?" तो म्हणाला.

मी तिची मूळ फाइल उघडली. युनिकोडमध्ये या लिपीच्या प्रत्येक विरामचिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तिने टाइप केलेले सगळे क्रमांक जागच्या जागी होते. आमच्या फॉन्टपाशी त्यांचं रूप नव्हतं, म्हणून तो डबा दाखवत होता. ती चिन्हं असलेला फॉन्ट शोधून मजकूर पुन्हा ओतला. ठिपके आपापल्या जागी उमटले, आणि अक्षर मोठं केलं की त्याच्याबरोबर सरकूही लागले.

फाइल पाठवून बाईने दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे तिच्या बहिणीने टॅब बळेच वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाशी धरला. ते मोठ्याने वाचू लागले. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. पण ते कुठे थांबतायत, ते कळत होतं. मग वाचणं सोडून ते काहीतरी बोलले. बाईने तोंडावर हात धरला. आणखी काही चुकलं की काय, म्हणून नवरा उठून उभा राहिला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, म्हणजे फक्त डोळेच गेले," ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.