चाबी मागणाऱ्या मंदाताई

मंदाताई ढोके ऑफिसात पाणी पीत नसत. सकाळी नेरहून येणाऱ्या एसटीतून उतरायच्या, दहाच्या ठोक्याला टेबलाशी हजर असायच्या आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत बसेपर्यंत घशाखाली एक घोट जायचा नाही. एप्रिलात यवतमाळचं ऊन भिंतीतून आत यायचं, पंखा गरम वारा फेकायचा, बाकीचे ग्लासावर ग्लास रिचवायचे. मी ग्लास पुढे केला की त्या हात आडवा धरायच्या. "नोको माय. मी घरी गेल्यावर पेतो."

मी त्या ऑफिसात नवीनच लागले होते. कोणतं ऑफिस ते सांगत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी ऑफिसांना तोटा नाही, आणि मी सांगते ते त्यातल्या कितींना लागू पडेल कोण जाणे. वडील नोकरीत असताना गेले आणि अनुकंपा तत्त्वावर मला घेतलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचा उपास असेल. दुपारी मला स्वतःला जायची वेळ आली तेव्हा मी हळूच विचारलं, लेडीज कुठे आहे? मंदाताईंनी पेन खाली ठेवलं, मला मागच्या व्हरांड्यात नेलं आणि एक दार दाखवलं. दारावर निळ्या अक्षरांत 'महिला' लिहिलेलं, खाली गंजलेलं कुलूप. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर छतापर्यंत जुनी रजिस्टरं, एक मोडका कूलर आणि तीन पायांची खुर्ची.

"चाबी बड्या बाबूपाशी आहे," त्या म्हणाल्या. "रेकॉर्ड रूम भरली, तं यानं हे भरून टाकलं. पुरुषाचं काहून नाही भरलं थे विचारू नोको. आज एसटी स्टँडवर जाऊन ये. उद्यापासून पाणी कमी पेत जाय."

बडे बाबू म्हणजे गावंडे. ऑफिसचा सगळा कारभार त्यांच्या हातात. साहेब दर तीन वर्षांनी बदलायचे, गावंडे बाबू तिथेच. आम्ही चौघी बाया, बाकी सगळे पुरुष. साहेबांच्या सहीनं जाणारी निम्मी पत्रं मंदाताईंनी लिहिलेली असायची. अक्षर असं की वरच्या ऑफिसातून फोन यायचा, हे कोणी लिहिलं म्हणून. गावंडे बाबू सांगायचे, "आम्हीच लिहिलं." मी चिडले की मंदाताई म्हणायच्या, "जाऊ दे. माणूस बदलून जाते, कागद राह्यते. कागदावर बरोबर लिहित जाय." हे त्यांचं नेहमीचं बोलणं. कोणी तोंडी काही कबूल केलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "लिहून देता काय बाप्पा?"

त्या वर्षी एक विनोदी मराठी पिक्चर गावोगाव गाजत होता. चार जावा एका सकाळी घरातल्या पुरुषांना न सांगता जीप काढतात आणि समुद्र पाहायला निघतात, मागे नवऱ्यांची उडालेली तारांबळ, अशी ती गोष्ट. आमच्या टॉकीजला बायांची रांग रस्त्यापर्यंत यायची. महिला दिनाला साहेबांना कल्पना सुचली. सकाळी आम्हा चौघींना एकेक गुलाबाचं फूल दिलं, नारीशक्तीवर भाषण केलं आणि दुपारच्या खेळाला सगळ्या स्टाफला घेऊन गेले.

मंदाताई खूप हसल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर त्यांच्याबद्दल, या बाईला हसणं माहीत नाही, असं पसरवण्यात आलं. नवरे भाताला मोहरी घालतात, कुकर उडतो, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हलत होत्या. थोरली जाऊ ढाब्यावर बसते आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या ताटात गरम पोळी वाढतं. ती घासच घेत नाही, नुसती वाफेकडे पाहत राहते. तिथे त्यांनी डोळे पुसले. मग तो सीन आला. जीप हायवेवर धावते आहे आणि चौघींना जायचंय. एका पंपावर कुलूप, दुसऱ्या ठिकाणी दारच नाही, तिसरीकडे पुरुषांची गर्दी. मागे ढोलकी वाजते आहे, चौघी मांड्या आवळून वेड्यावाकड्या चालताहेत, आणि शेवटी धाकटी जाऊ एका पुढाऱ्याच्या हसऱ्या फोटोच्या मोठ्या फलकामागे जाऊन बसते. टॉकीज गडगडली. गावंडे बाबू मांडीवर थापा मारत होते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. साहेब रुमालानं चष्मा पुसत होते.

मी मंदाताईंकडे पाहिलं. त्यांचा हात पदरासकट खाली आला होता. पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पडत होता, आणि त्या पडद्याकडे नाही, पुढच्या रांगेतल्या गावंडे बाबूंच्या हलणाऱ्या खांद्यांकडे पाहत होत्या.

"वैशाली, पिक्चर काढणाऱ्यानं बरोबर काढलं," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "त्यानं आपलंच दाखवलं. हे कायले हसून राह्यले?"

खेळ संपल्यावर बाहेरच्या पायऱ्यांवर साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. "काय मेसेज दिलाय! प्रत्येक पुरुषानं पाहायला हवा. मंदाताई, तुम्ही सीनियर. दोन शब्द बोला."

मंदाताईंनी गुलाब दुसऱ्या हातात घेतला. "पिक्चर लय चांगला होता, साहेब. आता आपल्या हापिसातल्या बायांच्या संडासची चाबी द्या."

मग सगळे पुरुष हसले. इतके मनापासून हसले, की त्यांना खरंच तो विनोद वाटला असावा. गावंडे बाबू म्हणाले, "बाई तं पिक्चरमधून बाहेरच नाही निघाल्या!" पुन्हा हशा. मला आजही संताप येतो तो कुलपाचा नाही. कुलूप बावीस वर्षं होतं, त्याला सगळे सरावले होते. पण पडद्यावरच्या बाईची अडचण समजून घेणारे, तिच्यासाठी शिट्ट्या मारणारे, खेळ संपल्यावर 'मेसेज' म्हणणारे हेच लोक आणि हीच पायरी. समोर उभी असलेली बाई तेच मागते, तर ती वेडी.

दुसऱ्या दिवशी मंदाताईंनी अर्ज लिहिला. सहा ओळींचा. महिला प्रसाधनगृह रिकामे करून चाबी महिला कर्मचाऱ्यांकडे द्यावी. त्यांनी तो आवक नोंदवहीत चढवला, क्रमांक घेतला, पण त्याआधी तो आम्हा तिघींपुढे ठेवला. एकीनं सही केली आणि दुपारी गावंडे बाबूंशी बोलून आल्यावर स्वतःचं नाव खोडलं. दुसरी म्हणाली, मिस्टरांना विचारून सांगते. आणि मी म्हणाले, "मंदाताई, माझी नोकरी अजून पक्की झाली नाही."

त्या रागावल्या नाहीत. "हाव पोरी, समजते मले," एवढंच म्हणाल्या आणि अर्ज उचलून घेऊन गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अर्जाची फाइल झाली. फाइलवर शेरे पडत गेले. 'अभिलेख ठेवण्यास पर्यायी जागा उपलब्ध नाही.' 'चर्चा करावी.' 'पुढील आर्थिक वर्षात विचार व्हावा.' चर्चा कोणी केली नाही. त्याऐवजी मंदाताई व्हरांड्यातून निघाल्या की कोणीतरी त्या पिक्चरमधलं गाणं शिट्टीवर वाजवायचं. त्यांना 'हिरॉईन' म्हणायला लागले. टेबलावर कोणी पिक्चरचं पोस्टर आणून चिकटवलं. मंदाताईंनी ते काढून त्याची नीट घडी केली आणि म्हणाल्या, "या बायाइनं तरी सोबत केली."

महिना असाच गेला. मग एका सोमवारी साडेअकराला त्यांनी आपली खुर्ची उचलली, व्हरांड्यात नेली आणि पुरुषांच्या संडासासमोर ठेवली. आत कोणी नाही याची खात्री केली. दार बंद केलं, खुर्चीत बसल्या, मांडीवर फाइल घेतली आणि मला हाक मारली, "वैशाली, जाय तू अंदर. मी आहो इथं."

मी गेले. ज्या अर्जावर मी सही केली नव्हती, त्याचा पहिला उपयोग मीच करून घेतला. बाहेर आले तर गावंडे बाबू उभे. त्यांना साखरेचा त्रास, दर तासाला जावं लागायचं.

"हे काय चाललं, मॅडम? सरका तिकडं!"

"अर्धा तास थांबा, बाबू. बायाइची पाळी आहे."

"अवो, मले जोराची लागली आहे!"

"मले समजते," मंदाताई शांतपणे म्हणाल्या. "मी बावीस वर्षं थांबली. तुम्ही बारा वाजेपर्यंत थांबा."

मागे चार-पाच जण जमले. कोणी हसलं नाही. त्यांच्यातले दोघे बाहेर रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे निघून गेले, कारण पुरुषाला तीही सोय असतेच. गावंडे बाबू मात्र साहेबांच्या केबिनकडे धावले. साहेब आले, ओरडले. मंदाताई उभ्या राहून बोलल्या, पण दारासमोरून हलल्या नाहीत. "साहेब, मले हटवाचं असंन तं लिहून द्या. बायाइनं कुठं जावं, थेही त्यातच लिहा."

हे कोण लिहून देणार? त्या आठवड्यात रोज साडेअकराला आणि साडेतीनला ती खुर्ची बाहेर जायची. शुक्रवारी कुलूप निघालं. दोन तासांत रजिस्टरं दुसरीकडे गेली. बावीस वर्षं जी पर्यायी जागा उपलब्ध नव्हती, ती जिन्याखाली होती. नळाला पाणी होतं, दाराला आतून कडी होती. मंदाताईंनी स्वतः फिनाइल टाकून ती खोली घासली, आणि त्या दुपारी आम्ही चौघींनी तिथल्या व्हरांड्यात उभ्यानं चहा घेतला. त्या चहात मी काय चव पाहिली ते मला सांगता येणार नाही, पण तसा चहा मी पुन्हा प्यायले नाही.

पंधरा दिवसांत बदलीचा आदेश आला. झरी जामणी. प्रशासकीय कारणास्तव. नेरहून जिल्ह्याचं दुसरं टोक. रोज जाणं-येणं अशक्य. नवरा नेरला, शेती नेरला, आणि पन्नाशी ओलांडलेली बाई जंगलाच्या तोंडाशी एका खोलीत भाड्यानं. मी स्टँडवर सोडायला गेले तेव्हा रडले. त्यांनी मला गप्प केलं. "रडते कायले? सजा झाली म्हणजे काम झालं. थे कडी नीट लावत जाय, जरा ढिली आहे."

तिथून त्यांचे फोन यायचे. नव्या ऑफिसात संडास होता, पाणी नव्हतं. त्यांनी तिथेही अर्ज केला होता. शेजारच्या कोलाम आदिवासी बायांना त्या पिक्चरची गोष्ट सांगितली होती, तर त्या म्हणाल्या, आमी तं रोजच झाडामागं जातो, याचा पिक्चर कोण पाह्यते? "हे मात्र मले आधी सुचलं नाही, वैशाली," मंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज खोल गेला होता.

मग फोन कमी झाले. ताप यायचा, लघवीची जळजळ, पाठ धरायची. हे दुखणं जुनं होतं, यवतमाळलाही वर्षातून तीनदा व्हायचं, आणि आम्ही त्याला 'बायांचं काहीतरी' म्हणायचो. शेवटी दोन्ही किडन्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं लघवी रोखून धरायच्या? पाणी का पीत नव्हत्या? त्यावरून झालं असं ते ठामपणे म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. त्यांनी प्रश्न कोणते विचारले तेवढं सांगते. निवृत्तीला एक वर्ष असताना मंदाताई गेल्या.

शोकसभा आमच्याच ऑफिसात झाली, कारण आयुष्यातली जास्त नोकरी त्यांनी तिथे केली होती. टेबलावर फोटो, फोटोला हार. साहेब नवे होते, त्यांनी मंदाताईंना पाहिलंही नव्हतं. म्हणून बोलायला गावंडे बाबू उभे राहिले. माझी नोकरी तोवर केव्हाच पक्की झाली होती.

"मंदाताई म्हणजे सोशिकपणाची मूर्ती," गावंडे बाबू म्हणाले. "इतकी वर्षं आम्ही सोबत काम केलं, पण या माऊलीनं कधी तक्रार केली नाही. एकदा आपण सगळे मिळून पिक्चर पाह्यला गेलो होतो, किती हसल्या होत्या तेव्हा! असा हसरा, सोशिक चेहरा आता होणे नाही."

लोक मान डोलवत होते. मी उभी राहिले. उभं राहायचं ठरवलं नव्हतं.

"त्या सोशिक नव्हत्या," मी म्हणाले. "त्यांनी तक्रार केली होती. आवक क्रमांकासकट केली होती. त्या अर्जाखाली चार सह्या हव्या होत्या, एकच होती. माझी नव्हती."

"मॅडम, भावना समजू शकतो," गावंडे बाबू घाईनं म्हणाले. "आता आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून मौन पाळू या."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या, ओठ मिटले. मी बोलतच राहिले. कुलूप, शेरे, शिट्ट्या, बदली, सगळं क्रमानं सांगितलं. मला अडवायला कोणी तोंड उघडू शकलं नाही, कारण मौन त्यांनीच सुरू केलं होतं.