पूरयादीतला आजाराचा रकाना

गल्लीत मला सगळे कॉम्प्युटरवाला म्हणतात आणि मी तोंड उघडलं की काम आठवून निघून जातात. चूक त्यांची नाही. आधार कार्डाचा फोटो कुणालाही पाठवू नका, ते ॲप आधी काढून टाका, असं सांगत मी मिसळ खाणाऱ्या माणसाचा घाससुद्धा अडवलेला आहे. त्यात एका पुरात आम्हाला मदतीसाठी म्हणून एक ॲप दिलं होतं. गल्लीत कमरेएवढं पाणी, मोबाइलचा टॉवर बंद, आणि ॲप म्हणतंय ओटीपी टाका. ते बनवणाऱ्याला एकदा पंचगंगेच्या पाण्यात उभं करावं, असं मला आजही वाटतं.

म्हणून पाणी ओसरल्यावर मी स्वतःच यादी केली. साधी एक्सेल शीट. घरात माणसं किती, फोन नंबर काय, आणि शेवटचा रकाना आजाराचा. सहा घरांत फोन नव्हता, तिथं माझाच नंबर टाकला. शीट गल्लीच्या तालमीच्या, म्हणजे आमच्या मंडळाच्या, व्हॉट्सॲप ग्रूपवर टाकली, कारण माहिती सगळ्यांना खुली असावी हे तेव्हा माझं ठाम मत होतं. पुढच्या पुरात ती उपयोगी पडलीही. समोरच्या काकूंच्या मालकांना लकवा झालेला. यादी बघून बोट सगळ्यांत आधी त्यांच्या दारात आली. मी आठवडाभर छाती फुगवून फिरलो.

मग महापालिकेची निवडणूक लागली. एका दुपारी फोन वाजला. उमेदवाराचा आवाज, "नमस्कार आज्जी, गुडघं काय म्हणत्यात?" मी चाळिशीचा बाप्या. आवाज मशीनचा आहे हे लगेच ओळखलं, त्याला कोल्हापुरी बोलायला शिकवलंय याचं कौतुकही वाटलं. दहा मिनिटांनी दुसरा फोन, "नमस्कार मामा, दमा कसा हाय?" यादीतल्या त्या मामांना जाऊन वर्ष झालं होतं. संध्याकाळपर्यंत सहा फोन आले, सहाही त्या बिनफोनच्या घरांसाठी. यादी कुठून गेली हे कळायला आणखी पुरावा नको होता.

तणतणत प्रचार कार्यालयात गेलो. लॅपटॉपपुढचा कार्यकर्ता शांतपणे म्हणाला, "पावणं, यादी तुमीच ग्रूपवर टाकलीसा की. आमी काय चोरली न्हाय." वर चहा मागवला. "लई झकास केलीया. पलीकडच्या पार्टीकडं बी हीच हाय." एरवी पक्षांच्या आयटी सेलवर तासभर बोलणारा मी, तो चहा पिऊन घरी आलो. मशीनवर चिडून उपयोग नव्हता. त्याला दिलं ते त्यानं वाचलं. देणारा मी होतो, आणि याचा राग अजून उतरलेला नाही.

यंदा पावसाळ्याआधी नवी यादी करायला निघालो, वही आणि पेन घेऊन. काकू दारातच उभ्या राहिल्या.

"त्यो फोन आमाला बी आलता. मालकांच्या लकव्याचं इचारत हुता. फोन ह्येंच्याच उशाला हुता, ह्येनीच ऐकलं. 'माझं लुळंपण गावभर कुणी सांगितलं?' म्हणलं. दोन दिस जेवलं न्हाईत."

"काकू, चुकलं माझं. या बारीला वही माझ्याजवळच राहील. पाणी आलं तर बोटवाल्यांना कळायला नको का?"

"गेल्या बारीला बी यादी घ्यायला तूच आलतास की." त्यांचा आवाज चढलाही नाही. "आमच्यात कोण आजारी न्हाय. लिव्ह तसं."

तेवढ्यात आतल्या कॉटवरून मालकांचा खोकला आला. आम्ही दोघांनीही तो ऐकला. मी शेवटच्या रकान्यात 'कोणी नाही' असं लिहिलं. काकूंनी वही माझ्या हातातून घेतली, बोट ठेवून ती ओळ वाचली, वही परत दिली आणि मगच दार लावलं.