सहा दिवस चालणारा फोन

किट्वे शहराच्या बाजारात कासोंडेचं फोनदुरुस्तीचं खोपटं कुणालाही विचारावं. 'बॅटरीवाला कासोंडे' म्हणून सगळे त्याला ओळखत, आणि गंमत म्हणजे बॅटरी तो एकही विकत नसे. वीज दिवसातून चार तास यायची, तीही स्वतःच्या मर्जीने. तेवढ्यात भरलेला फोन दुसऱ्या दिवशीपर्यंत कसा पुरवायचा, ही सगळ्यांचीच रड होती. कासोंडेने त्यावर इलाज शोधला होता.

फोनच्या पोटात एक मुकादम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. कुणी कधी कामाला लागायचं, किती जोर लावायचा, कुणी कधी झोपायचं, हे तो ठरवतो. कंपनीने दिलेला मुकादम ढिला असतो, कामचुकारांना पोसतो, असं कासोंडेचं ठाम मत. तो त्याला हाकलायचा आणि आपल्या हातचा बसवायचा. ही विद्या त्याला कुठल्या कॉलेजात मिळाली नव्हती. परदेशातल्या, कधी न पाहिलेल्या मित्रांशी फोनवर गप्पा मारत तो शिकला आणि शिकता शिकता स्वतःचे तीन फोन कायमचे मारून बसला. पण हात बसल्यावर असा बसला, की एका दिवसाचा फोन दोन दिवस चालायला लागला. बायका त्याला शेंगदाणे आणून देत, पाद्री प्रवचनात त्याचं नाव घेत. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं.

त्याच्या बापाला, चिसांगाला, मात्र यातलं काही पटत नव्हतं. तीस वर्षं त्याने तांब्याच्या खाणीत काढली होती. निवृत्त झाल्यावर तो लुविंगूकडच्या गावी बहिणीजवळ जाऊन राहिला. जाण्याआधी शब्द टाकून त्याने कासोंडेला खाणीत चिकटवलं होतं. कासोंडेने चार वर्षं कशीबशी काढली आणि ती नोकरी सोडली.

ईस्टरला कासोंडे गावी गेला, तेव्हा म्हाताऱ्याने आपणहून फोन मागितला. "मला तो लहान दे, बटणांचा. टॉर्च असतो बघ त्याला. माझी बोटं जाड आहेत."

"ताता, सगळा बाजार माझ्याकडे रांग लावतो आणि माझ्या बापाच्या हातात बटणांचा फोन? लोक हसतील मला."

"इथे कोण हसणार आहे? कोंबड्या?"

बटणांचा फोन आठवडाभर चालतो, हे कासोंडेला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यात त्याची करामत कुठे दिसणार? त्याने खास बापासाठी एक मुकादम घडवून आणला होता, आजवरचा सगळ्यात कडक. एकेक काम शोधून त्याचं तोंड बंद केलं होतं, म्हणजे फोन गाढ झोपेल. खोपट्यात दहा वेळा तपासलाही होता. त्या गावात वीज नव्हती. सौर पाटीवर चार्जिंग करून देणारं दुकान दोन तासांच्या वाटेवर होतं.

"सहा दिवस चालेल," त्याने बापाच्या हातात फोन ठेवला. "पडदा उजळला आणि आवाज आला, की हिरव्यावर बोट सरकवायचं. बाकी काही करायचं नाही."

म्हाताऱ्याने तो उलटासुलटा करून पाहिला. "तू केलंस हे?"

"मी केलं."

"हं," म्हातारा म्हणाला आणि फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला. आत्या चिलुफ्याने त्याला हसताना पाहिलं. कासोंडेने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना खाणीचा विषय निघालाच. "पेन्शनची नोकरी सोडली आणि बसलाय काचा खरवडत," म्हातारा बोलला. कासोंडेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमच्या खाणीने तुम्हाला खोकल्याशिवाय काय दिलं?" असं तो बापाला तोंडावर म्हणाला. बोलायचं नव्हतं ते बोलून गेला. मक्याच्या पिठाचा न्शिमा तसाच ताटात टाकून तो उठला आणि पहाटेच्या बसला निघाला. आत्या सडकेपर्यंत सोबत आली. "रविवारी फोन कर त्याला. तोंडाने म्हणणार नाही, पण वाट बघेल."

कासोंडेने रविवारी फोन केला. संपर्क होऊ शकत नाही, असं एक बाई गोड आवाजात सांगत होती. पुढच्या रविवारीही तीच बाई. बॅटरी संपली असेल, ही शंका दुसऱ्या कुणाला आली असती, पण कासोंडेला येणं शक्यच नव्हतं. त्याचा फोन असा संपत नसतो. म्हणजे म्हाताऱ्याने मुद्दाम बंद करून ठेवलाय. ठेवू दे. अकरा रविवार त्याने फोन लावला आणि दर वेळी जास्तच चिडून ठेवला. एकदा बसमध्ये बसून जावं, असं त्याला वाटलं नाही. वाटलं, पण गेला नाही.

बाराव्या आठवड्यात शाळेच्या मास्तरांच्या फोनवरून आत्या बोलली. चिसांगा गेला होता.

दफनविधी आटोपल्यावर आत्याने तो फोन कासोंडेच्या हातात दिला. त्याने पाहिलं, बॅटरी अर्धी भरलेली होती. "ताता हा बंद का ठेवत होते?" त्याने विचारलं.

"बंद?" आत्या चमकली. "अरे, दर रविवारी चर्चमधून आला, की तो हा घेऊन त्या टेकडीएवढ्या जुन्या वारुळावर जाऊन बसायचा. तिथेच रेंज येते. विझायच्या आत दुकानातून भरूनही आणायचा. उन्हं उतरेपर्यंत मांडीवर घेऊन बसायचा. तूच केला नाहीस."

"मी अकराही रविवार केला."

आत्याने त्याच्याकडे असं बघितलं, की तो तिला तसाच वारुळावर घेऊन गेला. बापाचा फोन दगडावर ठेवून थोडा वेळ थांबला, मग स्वतःच्या फोनवरून लावला. तीच गोड बाई. दगडावरचा फोन काळाठिक्कर, मुका. त्याने बाजूचं बटण दाबून त्याला जागं केलं आणि पुन्हा लावला. आता तो खणखणीत वाजला.

 कासोंडे तिथेच खाली बसला. आलेला कॉल फोनला हलवून उठवतो, त्या कॉलचंही तोंड त्याने बांधून टाकलं होतं. खोपट्यात तपासताना हे कळलं नाही, कारण तिथे प्रत्येक फोनला वायर लावलेली, आणि वायरीवरचा फोन कधी झोपतच नाही. तो हे आत्याला सांगत राहिला, मुकादम, झोप, वायर. तिला त्यातलं एवढंच कळलं, की म्हातारा घंटेची वाट बघत होता आणि घंटा कुणीतरी काढून ठेवली होती.

"कुणी काढली?" तिने विचारलं.

"मी."

 आत्या त्याच्या शेजारी बसली.

"मी त्याला म्हटलं होतं, मास्तरांच्या फोनवरून आपणच करू या. म्हणाला, ताटावरून जो उठला त्याने आधी बोलावं. मग म्हटलं, ते यंत्र बिघडलं असेल. तर माझ्यावरच चिडला. तो बॅटरीचा आकडा दाखवून म्हणाला, हे बघ, चार दिवस झाले तरी केवढी शिल्लक आहे. माझ्या पोराने स्वतः केलंय, ते बिघडणार नाही." तिने फोन उचलून अंगावरच्या कापडाने पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "एकदा जरी विझला असता ना हा, तर तो असं समजून गेला नसता, की तुला बोलायचंच नाही."