शिमाबाराच्या वेढ्यावर बोललो तेव्हा

सुहासदादाने सगळ्यांदेखत माझ्या पाठीवरून हात फिरवला. डाव्या खांद्यावरून खाली, तिरका. शाबासकी नव्हती ती. शर्टाखाली जानवं आहे का, ते बोटांनी चाचपत होता.

इथे परदेशात, शॉमबर्गला, त्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्हा मराठी मंडळींचा इतिहास कट्टा भरायचा. सुहासदादा ऑफिसात माझा मॅनेजर. माझी ग्रीन कार्डची फाइल त्याच्या हातात. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कळत नाही. त्याला ती हवी होती.

त्या दिवशी बोलायची पाळी माझी होती. मी जपानमधलं शिमाबाराचं बंड घेतलं होतं. सतराव्या शतकातलं. नाडलेले शेतकरी, बरेचसे ख्रिस्ती झालेले. त्या धर्मावर बंदी. बायकापोरांसकट ते समुद्रकाठच्या पडक्या किल्ल्यात शिरले. सरकारी फौजेने वेढा घातला. आतलं धान्य संपलं. मेलेल्या बंडखोरांची पोटं फाडून सेनापतीने बघितलं, हे खातात काय. समुद्रातलं शेवाळ निघालं. मग फौज आत घुसली. पोरांनाही सोडलं नाही.

मी थांबलो. तेव्हा सुहासदादा उठून जवळ आला. हात फिरवून झाल्यावर हसला.

"असले विषय तुम्हा लोकांनाच सुचतात. धर्म बदलून काय मिळालं रे त्यांना?"

दोघं-तिघं हसले. माझ्या बायकोने हातातली प्लेट खाली ठेवली.

मला आजोबा आठवले. नागपूरला दीक्षा घेऊन गावी परतले, तर विहीर बंद, दळण बंद, काम बंद. आजीने रानातल्या तरोट्याचा पाला शिजवून पोरं जगवली. तरी आजोबा गावापुढे वाकले नाहीत.

मी बोललो.

"जानवं नाही, सुहासदादा. मी बौद्ध आहे. पुन्हा माझ्या अंगाला हात लावायचा नाही."

"गंमत केली यार," तो म्हणाला. मग हळूच, "सोमवारी ऑफिसात बोलू."

गाडीत बायको म्हणाली, तक्रार केलीस तर आपल्याला परत जावं लागेल. मी म्हटलं, लागेल कदाचित. ती म्हणाली, "मग त्याचं नाव घालून लिही."

सोमवारी त्याच्या केबिनमध्ये गेलोच नाही. एचआरकडे गेलो. त्याचं नाव लिहिलं. माझी जात लिहिली.

फाइल अजून अडलेली आहे. कट्ट्याचं बोलावणं येत नाही. मिटवून टाक, असे कट्ट्यातल्यांचे निरोप मात्र येतात.

तक्रार मागे घेतलेली नाही. घेणारही नाही.