आर्डिथचं कोरडं चाक

मक्याच्या शेतांमधून सायकली ढकलत आम्ही सहा मैल चालून आलो होतो. गुडघा दुखत असल्यानं आर्डिथला पेडल मारवेना. शाळेत स्वयंपाक करून निवृत्त झालेली ही त्र्याहत्तर वर्षांची बाई सात दिवसांपूर्वी सायकलयात्रेच्या रिवाजाप्रमाणे मिसूरी नदीत मागचं चाक भिजवून आमच्याबरोबर निघाली होती. आता स्वतःच्या पायांनी आयोवा ओलांडून पुढचं चाक मिसिसिपीत बुडवायचं होतं.

थकलेल्यांना उचलणारा ट्रक थांबला. “आजी, चढा आता,” ट्रक चालवणारा वेंडेल म्हणाला.

“मला आडवी नेणारी गाडी आली की चढेन, बाळा!”

देवानं एवढं बळ हिच्यात कुठे ठेवलंय, मला कळेना.

टेकडीवरून नदी दिसली. “तू हो पुढे,” ती मला म्हणाली. “फक्त मी येईपर्यंत तुझं चाक कोरडं ठेव.”