सुपडूची आठ माणसांची जिप्सी

सुपडू पाटलाच्या आधीची दोन भावंडं वाचली नव्हती. म्हणून जन्मल्याबरोबर त्याला सुपात घातलं आणि नावही तेच ठेवलं. खानदेशात असे सुपडू पुष्कळ. सुरतेजवळच्या आमच्या भेस्तानच्या गल्लीत मात्र हा एकच होता, आणि एक पुरेसा होता.

तो सतराव्या वर्षी साक्रीकडून सुरतेला आला आणि उधन्याला एका लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, धाग्याच्या कांड्या भरू लागला. मी त्याला ओळखू लागले तेव्हा तो त्याच खात्यात जॉबर होता. म्हणजे बिघडलेला माग त्याने दुरुस्त करायचा, आणि न बिघडलेल्या मागाकडेही संशयाने पाहायचं. त्याच्या बोटांना यंत्र दिसलं की खाज सुटे. माझं शिवणयंत्र त्याने तीनदा उघडलं. त्यातलं एकदाच मी सांगितलं होतं.

१९९५ साली त्याने एक जुनी हिरवी जिप्सी घेतली. बहीण रंजना साक्रीच्या पुढच्या एका खेड्यात दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळींनी माहेरी यायचं आणि त्यांना आणायला भावाने मुऱ्हाळी म्हणून जायचं, ही त्यांच्याकडची रीत. आईवडिलांचं खेड्यातलं घर आता राहिलं नव्हतं. आई सखुबाई सुपडूजवळच असे. तेव्हा रंजनाचं माहेर म्हणजे भेस्तानची दीड खोली. दरवर्षी सुपडू एसटीने जाई, शेवटचे अडीच मैल पायी तुडवी आणि बहिणीची ट्रंक डोक्यावर घेऊन परत येई. त्या वर्षी मात्र त्याने पत्र टाकलं, "मोटार घेऊन येतो."

रंजनाने ते पत्र गावभर वाचून दाखवलं. ठरल्या दिवशी नवं लुगडं नेसून, ट्रंक ओट्यावर ठेवून ती सकाळपासून बसली. मोटार काही आली नाही.

डांबरी रस्ता सोडला की पुढे गाडवाट. बैलगाड्यांच्या चाकांनी दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पडलेल्या, आणि मधे गवताचा उंच वरंबा. जिप्सी चाकोरीत उतरली, मैलभर गेली आणि वरंब्यावर पोट टेकून बसली. चाकं फिरत होती, गाडी जागची हलत नव्हती. अखेर बैल लावून लोकांनी ती मागे ओढून काढली. तोवर निम्मं गाव तमाशा बघायला जमलं होतं. सुपडूला इतकी शरम वाटली की तो तसाच सुरतेला परतला.

रंजनाचं वर्षभर पत्र नाही. आखाजी जवळ आली तेव्हा एक कार्ड आलं. ते सुपडूने मला वाचायला आणून दिलं, जसं काही मी वाचल्याने मजकूर बदलणार होता. त्यात दोनच ओळी होत्या. "मुऱ्हाळी येणार असशील तर मोटार माझ्या दारात उभी राहिली पाहिजे. नाहीतर मला माहेर नाही असं मी समजेन."

"मावशी, तुमचा पोर्च रिकामा आहे ना?" सुपडूने विचारलं.

आमची फियाट यजमान गेल्यानंतर मी विकली होती. पोर्चमध्ये तुळशीच्या दोन कुंड्या होत्या. त्या मी उचलल्या.

४ एप्रिल १९९६, गुरुवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काम सुरू झालं, अशी माझ्या डायरीत नोंद आहे. सुपडूचा बेत सोपा होता. गाडीचं सगळं वजन खालच्या कमानी पाट्यांवर असतं. त्यांत आणखी पाटे घालायचे, आणि पाटे जिथे टांगतात त्या कड्या लांब करून घ्यायच्या. मग पोट वर जाईल.

"किती वर?" मी विचारलं.

त्याने पँट वर करून पोटरीवर बोट ठेवलं. "वरंबा इथपर्यंत आहे. आसाचा गोळा गवत खरवडत जातो, त्याचं काही नाही. पोट टेकलं की संपलं."

मी टेप आणून त्याची पोटरी मोजली. दहा इंच. गाडीचं पोट जमिनीपासून, माणसं बसलेली असताना, साडेआठ.

"असं लिहून काय होणार?" खात्यातला त्याचा सोबती काशिनाथ हसून म्हणाला. तो मदतीला आला होता.

"काम करताना तारीख, वेळ आणि माप लिहावं, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं," मी म्हटलं.

"आमच्या शाळेत मास्तरच येत नव्हते. त्यामुळे आमचं काही अडलं नाही."

त्याचं अडलं ते दुपारी. जॅकवर गाडी चढवून, लाकडी ठोकळ्यांवर टेकवून, रॉकेल पाजून गंजलेले बोल्ट सोडवण्यात अर्धा दिवस गेला होता. काढलेले नट एका परातीत होते. ती परात त्याच्याच पायाने उडाली. कुठला नट कुठला, हे फक्त डायरीत होतं. तेव्हापासून काशिनाथ प्रत्येक नट काढला की मला आधी दाखवी, "लिहिलं का मावशी?" आणि मगच ठेवी.

नवे पाटे सुपडूने भंगार बाजारातून एका मालवाहू टेम्पोचे आणले होते. चांगले जाड. संध्याकाळी गाडी ठोकळ्यांवरून उतरवली तेव्हा ती टाचा उंच करून भिंतीपलीकडे डोकावणाऱ्या बाईसारखी दिसत होती. मी सकाळची मापं समोर ठेवून पुन्हा एकेक मोजत गेले, तर पुढच्या चाकाजवळची ब्रेकची रबरी नळी, जी सकाळी चार बोटं सैल होती, ती तारेसारखी ताणलेली. मी ते सुपडूला सांगितलं. तो गाडीखाली गेला, बघून आला आणि काशिनाथला म्हणाला, "हस आता." दुसऱ्या दिवशी उधन्याहून लांब नळ्या आणून बसवल्या.

पहिली चक्कर सुपडू आणि काशिनाथ दोघांनीच मारली. ते पांडेसऱ्यापर्यंत जाऊन आले. काशिनाथ उतरला तो डोकं धरून.

"काय झालं?"

"ही गाडी नाही, गोऱ्हा आहे. रस्त्यावर विडीचं थोटूक पडलं असेल तरी उडी मारते. मी तीनदा टपाला लागलो."

टेम्पोचे पाटे. त्यांना माल हवा होता, दोन माणसांना ते दादच देत नव्हते. दुसऱ्या कोणी पाटे कमी केले असते. सुपडूने तसं केलं नाही, कारण तो जॉबर होता. माग नीट लावायचा तर धाग्याने भरलेला बीम चढवून ताण बघायचा, रिकाम्या मागावर ताण बघणारा जॉबरच नव्हे, हे त्याचं ठाम मत. तेव्हा त्याने गाडीही भरून लावायची ठरवली.

रविवारी त्याने आठ माणसं पोर्चमध्ये गोळा केली. सुपडूची बायको ज्योती, सखुबाई, काशिनाथ आणि खात्यातले तिघे कारागीर. सुपडूच्या जागी शेजारची शोभाबाई. रंजनाची जागा राहिली.

"मावशी, रंजना तुमच्याएवढीच आहे," सुपडू म्हणाला.

रंजना अठ्ठावीस वर्षांची आणि मी अडुसष्ट. पण तो वजनाबद्दल बोलत होता. मी चढले. सखुबाईला दोघांनी उचलून वर ठेवलं.

"सुपडू, आपलाले साक्रीले जानं शे का आभायमा?" म्हातारीने वरून आभाळाकडे बोट दाखवत विचारलं.

सुपडू फूटपट्टी घेऊन खाली आडवा झाला. एक पाटा बदल, अर्धा इंच पाचर घाल, असं करत दुपारी साडेबारापर्यंत आम्ही आठ जण उकाड्यात बसून होतो. शेवटी तो बाहेर आला. "अकरा इंच. बरोबर. आठ माणसं बसली की गाडी लोण्यासारखी." त्यानंतर त्याने ठरवून टाकलं की गाडी आठ माणसांशिवाय हलणार नाही. कारागिरांना एका दिवसाची रजा मिळाली. शोभाबाईऐवजी सुपडू स्वतः चालवायला बसणार होता. जाताना रंजना नसणार, तेव्हा तिच्या जागी मी.

आता हे वाचणाऱ्या कोणालाही पुढचा घोटाळा दिसत असेल. माझ्या डायरीची त्या गाडीवर अकरा पानं आहेत. त्यात तो कुठेही लिहिलेला नाही.

मंगळवारी पहाटे निघून आम्ही व्यारा, सोनगड, नवापूर मागे टाकलं. गाडी खरोखर लोण्यासारखी चालली. साडेअकराला डांबरी रस्ता सोडला. गेल्या वर्षीच्या जागेपाशी वीस-पंचवीस माणसं बाभळीच्या सावलीत बसली होती, आणि एकाने बैलांची जोडी जुंपून तयार ठेवली होती.

"त्यांना कोणी सांगितलं?" ज्योतीने विचारलं.

"रंजीनंच सांगितलं असणार," सुपडू दात आवळून म्हणाला. "कोणी हलू नका. श्वास सोडू नका."

आठ माणसं श्वास धरून बसली. खालून गवत घासल्याचा सळसळ आवाज येत राहिला. लोक उठून उभे राहिले, वाकून गाडीखाली पाहू लागले. आम्ही पुढे सरकलो. बैलवाल्याचं तोंड उतरलं. सुपडूने त्याच्याकडे पाहून हॉर्न वाजवला, तो गावात शिरेपर्यंत वाजवतच राहिला.

दारात रंजनाची सासू मंगलाबाई उभी होती. एकामागून एक माणसं उतरताना ती मोजत होती.

"मुऱ्हाळी उना का वऱ्हाड उनं?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता आमरसासाठी आणखी आंबे काढायला सांगितलं.

सगळे उतरले, सखुबाई उतरेना. लेकीच्या सासरी आईने पाणीही घ्यायचं नाही, ही तिची रीत. ती गाडीतच बसणार होती. पण आम्ही सात जण उतरल्यावर गाडी वर आली, आणि म्हातारी माडीवर बसल्यासारखी दिसू लागली. ऊन डोक्यावर, ओठ सुकलेले. मंगलाबाईने तांब्या भरला आणि पायाखाली उखळ घेऊन वर धरला.

"घ्या विहीणबाई."

"तुमच्या घरचं कसं घेऊ?"

"माझं घर खाली राहिलं. तुम्ही तर अधांतरी बसलात. अधांतरी कसली रीत?"

सखुबाईने क्षणभर खाली जमीन पाहिली, मान हलवली आणि तांब्या रिकामा केला.

या सगळ्यात रंजना दाराच्या चौकटीत उभी होती. सुपडू समोर गेला. "आक्का, मोटार दारात आणली," तो म्हणाला. धाकट्या बहिणीला तो आक्का म्हणे, पण असं खाली बघून कधी म्हणत नसावा. तिने पाण्याची बादली त्याच्या पायाशी ठेवली आणि आत गेली.

जेवणं झाली. ट्रंक बाहेर आली, पापडांची टोपली आली. आम्ही एकेक करून चढलो, गाडी हळूहळू खाली बसली. रंजना पाऊल ठेवायला आली आणि थांबली. तिच्या जागेवर मी होते.

सुपडू बोटांवर मोजू लागला. दोनदा मोजून झाल्यावर काशिनाथ म्हणाला, "नऊ भरतात, भो."

"दाटून बसू," ज्योती म्हणाली.

"दाटून बसता येईल, वर्‍हाडासारखं. पण पोट खाली येईल. वरंब्यावर फक्त इंचभर जागा आहे." सुपडू म्हणाला. बाभळीखालची माणसं आणि ते बैल अजून तिथेच होते.

"मी उतरून चालते," मी म्हटलं.

"मी चालतो," काशिनाथ म्हणाला. तिघे कारागीरही उतरायला उठले, तशी गाडी उसळली आणि सखुबाई ओरडली.

"कोनी उतरू नका," रंजना म्हणाली. आम्ही आल्यापासूनचं तिचं ते पहिलं बोलणं. "गाडी कोणाला चालवता येते?"

काशिनाथने हात वर केला.

"मग तुम्ही चालवा." ती भावाकडे वळली. "गेल्या वर्षी मोटार अडकली होती. तुझे पाय तर अडकले नव्हते ना? मैलभर आला होतास, दीड मैल राहिला होता. मी ट्रंकेवर बसून होते, दिवेलागणीपर्यंत. मला वाटलं, मोटार नाही तर नाही, भाऊ तर येईल चालत."

यंत्र सोडून दुसरं काही बिघडलं असेल, हे सुपडूच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याने किल्ली काशिनाथला दिली, चपला नीट केल्या आणि गाडीच्या टपावर बांधायला घेतलेली ट्रंक उचलून डोक्यावर ठेवली.

"ती राहू दे गाडीत," ज्योती म्हणाली.

"वजन वाढेल," तो म्हणाला.

आम्ही आठ जण निघालो. सुपडूच्या जागी काशिनाथ बसला, आणि रंजना पुढे, त्याच्या शेजारी. वरंब्यावरून गाडी सळसळत गेली. मागे धुळीत सुपडू, डोक्यावर ट्रंक, दुपारच्या दीडच्या उन्हात. बाभळीखालची माणसं आता गाडीकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. एकाने विचारलं, "काय रे, मोटार बंद पडली?"

"नाही," सुपडू म्हणाला. "मोटार झ्याक चालते."

गावातून निघतानाच रंजनाने मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं असावं. पहिला अर्धा मैल ते जमलं. मग तिने काशिनाथला गाडी हळू घ्यायला सांगितली, आणि पुढे आणखी हळू. शेवटी गाडी आणि सुपडू एकाच चालीने चालले होते. ती खिडकीतून बोलत होती, तो ट्रंकेखालून उत्तरं देत होता. वर्षभराच्या तक्रारी होत्या. त्या उरलेल्या दोन मैलांत पुरेनात.

डांबरी रस्त्याला लागायला एक तास पाच मिनिटं लागली. सुपडूने ट्रंक उतरवली. रंजनाने त्याला पाणी दिलं आणि त्याचं पिऊन होईपर्यंत बघत राहिली.

"बठ आते," ती गाडीत जागा करत म्हणाली.

तो चढला. गाडी आणखी खाली बसली. डांबरी रस्त्यावर त्याला हरकत नव्हती.